पक्षाघातानंतरचा घरचा व्यायाम : रुग्णांनी आम्हाला शिकविलेले काही

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी निघतो, त्या दिवशी आमच्या भौतिकोपचार विभागातर्फे त्याच्या नातेवाइकांच्या हाती एक कागद दिला जातो. त्यावर मानवी आकृत्यांची बारा चित्रे असतात. कोणी उताणे पडून, गुडघे दुमडून कंबर उचलीत आहे. कोणी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून हात पुढे नेत आहे. कोणी खुर्चीवरून उठत आहे. प्रत्येक चित्राखाली ‘दहा वेळा, दिवसातून तीनदा’ असे छापलेले असते. हा कागद आम्ही अनेक वर्षे मोठ्या विश्वासाने देत आलो.

रुग्ण पुढच्या तपासणीस आला की आमचा प्रश्न ठरलेला : “व्यायाम चालू आहे ना?” त्याचे उत्तरही ठरलेले : “हो, चालू आहे.” आणि त्याच वेळी खुर्चीमागे उभ्या असलेल्या मुलाची किंवा पत्नीची नकारार्थी हललेली मानही बहुधा ठरलेलीच. मग आम्ही केसपेपरवर ‘रुग्णाचे सहकार्य अपुरे’ अशी नोंद करून मोकळे होत असू. ही नोंद किती अन्यायाची होती, हे आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञांनी काही रुग्णांच्या घरी जाऊन, त्यांच्या ओसरीवर आणि स्वयंपाकघरात बसून निवांत बोलणे केले तेव्हा ध्यानात आले. या भेटींना संशोधन म्हणता येणार नाही. त्यात मोजमापे नव्हती. परंतु जे कानावर आले ते देणगीदारांपुढे, विश्वस्तांपुढे आणि विशेषतः ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्या कुटुंबांपुढे ठेवावे, असे आम्हाला वाटले. रुग्णांची नावे व गावे अर्थातच दिलेली नाहीत.

आधी थोडे व्यायामाच्या कारणाविषयी. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे खंडित होतो, किंवा रक्तवाहिनी फुटून तेथे रक्तस्राव होतो. हात लुळा पडतो तो हातात बिघाड झाला म्हणून नव्हे, तर त्याला आज्ञा देणारी मेंदूतील यंत्रणा कोलमडली म्हणून. तेथील मृत पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. मात्र उरलेल्या भागांतील जोडण्या वापरानुसार बदलू शकतात आणि गेलेले काम काही प्रमाणात अंगावर घेऊ शकतात. रानात पाऊलवाट पडते तशीच ही क्रिया आहे. एकदा चालून वाट पडत नाही, आणि दुसऱ्याने चालूनही आपली वाट पडत नाही. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. त्यानंतर तो मंदावतो. पण सहा महिने उलटले म्हणजे सारे संपले, ही समजूत खरी नाही.

किती वेळा चालल्यावर वाट पडते? प्राण्यांवरील प्रयोगांत दिवसाला काही शे वेळा तीच हालचाल करविल्यावर मेंदूत बदल दिसले आहेत. याउलट २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सात पुनर्वसन केंद्रांतील ३१२ उपचारसत्रे मोजली गेली. हाताच्या उपयुक्त हालचालींचा सराव ज्या सत्रांत झाला, त्यांत तो सरासरी अवघा ३२ वेळा झाला होता. आमच्या कागदाचा हिशेब दहा त्रिक तीस. म्हणजे रुग्णाने आमची सूचना तंतोतंत पाळली असती, तरीही ती अपुरीच ठरण्याचा संभव होता. केसपेपरवरील ‘अपुरे’ हा शब्द कोणापुढे लिहावयास हवा होता, हे यावरून कळते.

पण संख्या वाढवा असे सांगणे सोपे आहे. व्यायाम करताना रुग्णाच्या मनाचे काय होते, याची साक्ष एका वैद्यकानेच देऊन ठेवली आहे. नॉर्वेतील विख्यात मेंदूशरीरशास्त्रज्ञ आल्फ ब्रोडाल यांना १९७२ साली पक्षाघात झाला आणि डावी बाजू दुबळी झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात स्वतःवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. दुबळा स्नायू हलविण्यासाठी जी मानसिक शक्ती खर्च करावी लागते, तिचे त्यांनी तपशीलवार वर्णन केले आहे. गळ्याचा बो बांधताना पुढची हालचाल कोणती हे जणू बोटांनाच आठवत नाही, असेही त्यांना जाणवले. ज्याने आयुष्यभर मेंदूच्या जोडण्यांचा अभ्यास केला त्याची ही स्थिती, तर आमच्या रुग्णाने “दहा वेळा बोट उचललं की दिवसभर भारा वाहिल्यासारखा थकतो” असे म्हटले, तर त्याला आळशी कसे म्हणावे? पक्षाघातानंतरचा हा थकवा खरा असतो. दोन व्यायामांच्या मध्ये पडून राहणे हा उपचाराचाच भाग समजावा.

आता घरांविषयी.

एका निवृत्त कारकुनांच्या घरी आमची पहिली भेट झाली. उजवा हात व पाय दुबळा, वाचा शाबूत. रुग्णालयात ते चमच्याने स्वतः जेवत असत. घरी गेल्यावर महिनाभरात तेही थांबले होते. पत्नी त्यांना भरवीत, आंघोळ घालीत, सदरा घालून बटणे लावून देत. व्यायामाचा कागद कॅलेंडरच्या मागे खोचलेला होता आणि सकाळी दहा मिनिटे त्यातील चार चित्रे होत असत. आमच्या तज्ज्ञांनी विचारले, “काकू, बटणे त्यांना लावू दिली तर?” त्या म्हणाल्या, “वीस मिनिटं लागतात हो त्यांना. घाम फुटतो. मी घरात असताना ते कशाला करायचं?”

या प्रश्नाला चटकन उत्तर सापडले नाही, कारण तो प्रेमातून आलेला होता. पण ती वीस मिनिटे हाच त्या दिवसातला सर्वांत मोलाचा व्यायाम होता. अंगठा व तर्जनी जुळविणे, मनगट वळविणे, काजे नजरेने शोधणे, चुकल्यावर पुन्हा धरणे. आमच्या बारा चित्रांपैकी एकातही इतके काही नव्हते. शेवटी असे ठरले की त्यांनी खाटेच्या कडेला नीट टेकून बसावे, आधी दुबळा हात बाहीत घालावा, मग चांगला. आणि त्या वेळी काकूंनी खोलीत थांबू नये. फक्त हाकेच्या अंतरावर असावे. काकू हे ऐकून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे व्यायाम त्यांना दिलात आणि शिक्षा मला.”

याच्या अगदी उलट चित्र एका पन्नाशीच्या गृहिणीच्या घरी दिसले, आणि त्याविषयी आम्हाला अधिक विस्ताराने लिहावेसे वाटते. पुरुष रुग्ण घरी आला म्हणजे त्याची सेवा करणारी, त्याला व्यायामाची आठवण करणारी कोणी स्त्री बहुधा असते. स्त्री रुग्ण घरी आली की काही दिवस माहेरचे कोणी येते, आणि मग ते परत गेले की चूल तिची वाट पाहत असते. या बाईंनी तिसऱ्याच आठवड्यात स्वयंपाक हाती घेतला होता. घरातील सर्वांनी आम्हाला कौतुकाने सांगितले, “आता सगळं करते ती.” पाहिले तर सगळे डाव्या हाताने चालले होते. उजवा हात पदरात खोचून ठेवलेला. “व्यायामाला वेळ कुठला, ताई?” त्या आमच्या तज्ज्ञांना म्हणाल्या, “आणि हा हात मधे मधे येतो, म्हणून बांधूनच ठेवते.”

चांगल्या हाताने काम भागते असे दिसले की मेंदू दुबळ्या हाताचा नादच सोडतो. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी या अवस्थेला ‘शिकलेला अनुपयोग’ अशा अर्थाचे नाव दिले आणि त्यावर उपाय म्हणून चांगल्या हाताला मर्यादा घालून दुबळ्या हाताचा कसून सराव घेण्याची पद्धत विकसित केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, २२२ रुग्णांवरील चाचणीत, पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेल्यांनाही तिचा लाभ झाल्याचे दिसले. मात्र तीसाठी मनगट व बोटे थोडी तरी उघडता यावी लागतात, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून घरी चांगला हात बांधून ठेवू नये. तोल गेल्यास सावरायला तोच असतो.

या बाईंच्या बाबतीत बांधाबांध केलीच नाही. आमच्या तज्ज्ञ त्यांच्याबरोबर ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्याच कामांतून उजव्या हाताचा वाटा काढला. कणीक मळताना उजव्या हाताने परात दाबून धरायची. लाटण्याच्या दोन्ही टोकांवर दोन्ही हात. ओटा पुसण्याचे फडके उजव्या तळव्याखाली घेऊन लांब लांब फिरवायचे. दुपारी बसून शेंगा सोलायच्या, आणि जमू लागेल तेव्हा कापसाच्या वाती वळायच्या. वाती वळणे हा बोटांचा किती नाजूक व्यायाम आहे हे आमच्यापैकी कोणाच्याही कधी मनात आले नव्हते. ते त्यांच्या सासूबाईंनी सुचविले. गॅसजवळचे आणि विळीवरचे काम मात्र त्या हाताला द्यायचे नाही, कारण पक्षाघातानंतर त्वचेची संवेदना कमी झालेली असू शकते आणि भाजलेले कळतही नाही. गरम पाण्याच्या पिशवीबद्दलही हेच सांगणे आहे.

खेड्यातील एका आजींची गोष्ट वेगळीच. डावा हात दुबळा, वाचन येत नाही, घरात दिवसा कोणी नाही. आमचा कागद त्यांनी डब्याच्या तळाशी अंथरला होता. तरीही तपासणीत त्यांचा हात आमच्या अपेक्षेपेक्षा चांगला आढळला. घरी गेल्यावर उलगडा झाला. उंबऱ्याजवळ पाठ टेकून बसायचे, समोर पाटावर वाटी ठेवायची, डावा हात मांडीवरून उचलून वाटीला लावायचा आणि परत आणायचा. प्रत्येक वेळी उजव्या हाताने जपमाळेचा एक मणी ओढायचा. पहिल्यांदा अर्धी माळ होई, नंतर सकाळी एक व संध्याकाळी एक. “आजी, हे कोणी शिकवलं?” “शिकवायचं काय त्यात? कागद मला वाचता येत नाही, माळ ओढता येते.” एका माळेचे मणी १०८. मोठ्या केंद्रांतील सत्रात बत्तीस वेळा होणारा सराव या उंबऱ्यावर बसल्या बैठकीला त्याच्या तिपटीहून अधिक होत होता.

सगळ्यांचेच असे होत नाही, आणि उत्साहही कधी घातक ठरतो. एका तरुण रिक्षाचालकाने लवकर कामावर जाण्याच्या ईर्ष्येने दाराच्या चौकटीला कप्पी व दोरी बांधली आणि चांगल्या हाताने ओढून दुबळा हात डोक्यावर नेण्याचा व्यायाम तासन्‌तास केला. शेजारच्या कोणीतरी रबरी चेंडूही आणून दिला. तो मुठीत दाबत राहायचा. पंधरा दिवसांत खांदा इतका दुखू लागला की रात्रीची झोप गेली आणि सगळाच व्यायाम बंद पडला. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू शिथिल झालेले असतात. सांधा जागेवर नीट धरला जात नाही. अशा खांद्याला डोक्यावर खेचणे टाळावे. रुग्णाला उठविताना दुबळ्या हाताला धरून ओढणे, ही तर घरोघरी होणारी चूक आहे. आधार कमरेला अगर पाठीला द्यावा. चेंडूचे असे, की ताठरलेली मूठ मिटण्याचे काम आपोआपच करीत असते; तिला शिकावयाचे असते ते उघडणे. तेलाच्या मालिशीने बरे वाटत असेल तर ती हलक्या हाताने जरूर करावी, पण ती व्यायामाच्या जागी नव्हे. आणि कबुतराच्या रक्तासारखे जे उपाय अजूनही सुचविले जातात, त्यांत वेळ दवडू नये. पहिले तीन महिने परत मिळत नाहीत. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली वा दम लागला तर थांबून डॉक्टरांना कळवावे. चेहरा वाकडा होणे, हातातील शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे पुन्हा अचानक जाणवले, तर तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

लोकलज्जेचा भाग आम्ही पूर्वी जमेसच धरला नव्हता. एक गृहस्थ पहाटे पाचला, अंधारात चालण्याचा व्यायाम करीत. कारण उजाडल्यावर गल्ली जागी होते आणि त्यांचा ओढला जाणारा पाय लोकांना दिसतो. एके दिवशी गटाराच्या फरशीला अडखळून ते पडले. हाड मोडले नाही हे नशीब. पण त्यानंतर ते उंबऱ्याबाहेर पडेनात.

त्यांच्या मुलाला आम्ही एक जुनी हकीकत सांगितली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये अध्यापन करणारे पेद्रो बाख-इ-रिता हे वयोवृद्ध प्राध्यापक पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. त्यांचा वैद्यकीय शिक्षण घेणारा मुलगा जॉर्ज त्यांना मेक्सिकोला आपल्या घरी घेऊन गेला. पुनर्वसनाचे शास्त्र त्याला ठाऊक नव्हते. लहान मूल आधी रांगते, म्हणून त्याने वडिलांना भिंतीच्या आधाराने रांगायला लावले, जमिनीवर गोट्या खेळायला लावल्या, दुबळ्या हाताने भांडी घासायला लावली. एवढ्या विद्वान माणसाला जनावरासारखे रांगविता, असे शेजारी बोलू लागले. पण पेद्रो पुन्हा अध्यापनास परतले. पुढे काही वर्षांनी गिर्यारोहण करताना हृदयविकाराने ते वारले, आणि शवविच्छेदनात मेंदूतील मूळ इजा तशीच मोठी असल्याचे आढळले. त्यांचा दुसरा मुलगा पॉल पुढे मेंदूच्या परिवर्तनक्षमतेचा नामवंत अभ्यासक झाला. अशी सुधारणा प्रत्येकाची होईल असे कोणी समजू नये, आणि आम्हीही तसे आश्वासन देत नाही. मुलाला पटले ते शेजाऱ्यांचे. आता तो वडिलांबरोबर सकाळी आठ वाजता, भर गल्लीतून, त्यांच्या दुबळ्या बाजूला राहून चालतो.

रुग्ण व्यायाम करीत नाही, कोणाशी बोलत नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, असे दिसले तर केवळ उपदेश करू नये. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. त्यावर औषध आहे, आणि ते आमच्याकडे उपलब्ध आहे.

विश्वस्तांच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक मुद्दा राहतो, आणि तो आमच्या बाजूने नाही म्हणूनच सांगितला पाहिजे. कुटुंबीयांना शिकवून घरी व्यायाम करवून घ्यावा, ही कल्पना भारतातच मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहे. देशातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांच्या या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कुटुंबांना नेहमीच्या उपचारांखेरीज रुग्णालयात विशेष प्रशिक्षण मिळाले व घरीही त्याचा पाठपुरावा झाला. सहा महिन्यांनी मृत अथवा परावलंबी रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्के, म्हणजे सारखेच निघाले.

याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा होत नाही. पण ज्या मुलीने किंवा सुनेने जिवापाड मेहनत घेतली आणि तरीही रुग्ण चालू शकला नाही, तिने स्वतःला दोष देऊ नये, एवढे यातून निश्चित म्हणता येते. आणि कुटुंबाच्या गळ्यात काम बांधून रुग्णालयाने हात झटकू नयेत, हेही. नातेवाइकांना शिकविणे म्हणजे तज्ज्ञाच्या तासांना पर्याय नव्हे. म्हणूनच घरभेटींच्या नावाखाली बाह्यरुग्ण विभागातील उपचारसत्रे कमी करण्याची जी सूचना मध्यंतरी आली होती, ती आम्ही मान्य केली नाही. सत्रे चालूच राहतील. ज्यांना येण्याजाण्याचे भाडे परवडत नाही वा ज्यांना उचलूनच आणावे लागते, त्यांच्यासाठी घरभेटी त्याशिवाय असतील. यासाठी आणखी एका भौतिकोपचारतज्ज्ञाचे वेतन व एक दुचाकी लागेल. यंत्रसामग्रीसाठी देणगी देणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोतच. या खर्चावर मात्र नावाची पाटी लावता येत नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

बारा चित्रांचा कागद आम्ही बंद केला आहे. त्याऐवजी आता रुग्णाला व घरच्यांना समोर बसवून तीनच कामे ठरविली जातात, आणि ती रुग्णाच्या स्वतःच्या दिवसातील असतात. शेतकऱ्यासाठी दोरीची गाठ, शिक्षकासाठी खडू, कोणासाठी सदऱ्याचे बटण. ती त्याच्याच शब्दांत लिहिली जातात. वाचता येत नसेल तर चित्र नातवाकडून काढून घेतो. दर आठवड्याला विभागातून दूरध्वनी जातो आणि ‘व्यायाम चालू आहे ना’ असे न विचारता ‘या आठवड्यात काय जमले नाही’ असे विचारले जाते.

ते निवृत्त कारकून नुकतेच तपासणीस येऊन गेले. सदऱ्याची बटणे एका काजाने चुकलेली होती. गळ्याशी एक टोक वर, खाली एक टोक लोंबते. आमच्या परिचारिकेने सरळ करण्यासाठी हात पुढे केला, तोच काकूंनी तिला थांबविले. “राहू दे,” त्या म्हणाल्या, “घरातून निघतानाच मला दिसलं होतं.”